झाडांचे मापाडी

आमच्या घरी वरण पिवळंच असतं. असणारच. घरची हळद, घरची तूर, कमी कशाची? पण वर्षातून एकदा, सोयाबीन निघून रास घरी आली की, आमच्या चुलीवर पांढरं वरण शिजायचं. हळदीचं बोटसुद्धा न लावलेलं. नुसती डाळ, मीठ, जिरं आणि वरून तुपाची धार. ते एकाच माणसासाठी असायचं, आणि त्या दिवशी सगळ्या घरालाच तसलं आजाऱ्याचं जेवण जेवावं लागायचं.

तो माणूस वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, देवळात बसतात. यांनी झाडं मोजायला घेतली. कुठल्याशा शिबिरात गेले, झाडात कार्बन किती हे कसं काढतात ते शिकले, आणि ज्याच्या ज्याच्या नावावर रान आहे त्याच्या दारात जाऊन उभे राहायला लागले. पगार नाही, भत्ता नाही. मोंढ्यात हळदीचं माप घालतो त्याला आपण मापाडी म्हणतो, म्हणून गावानं यांना मापाडी सर करून टाकलं. त्यांना ते आवडायचं. म्हणायचे, "ताई, साहेब म्हणणारे पुष्कळ भेटले. मापाडी म्हणजे कामाचा माणूस."

सेनगावच्या जीपमधून उतरायचे तेव्हा आधी छत्री उतरायची, मग सर. त्या छत्रीला टोकापासून मुठीपर्यंत पांढऱ्या रंगाचे पट्टे मारलेले. ऊन कितीही असो, ती उघडायची नाही. मी एकदा विचारलं, काहून हो, डोकं भाजून घेता? तर म्हणाले, "सावली झाडाची घ्यायची. छत्री माप घ्यायला आहे."

आणि बाजारात त्यांच्यासंगं जायची सोय नव्हती. पिशवीत स्वतःचं एक किलोचं वजन ठेवायचे. भाजीवालीच्या तराजूत ते टाकून बघायचे, काटा बराबर आला की तिला हात जोडायचे, नाही आला की तिला म्हणायचे, "बाई, तराजू आजारी आहे, दवाखान्यात ने." त्यांना लांबून बघूनच काही जणी पालं आवरायला लागायच्या.

आता आमच्या रानाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गावामागच्या उतारावर आमची चार एकर बरड आहे. सगळा मुरूम अन् दगड. वरच्या अंगाला मोह, धावडा, बेहडा, पळस, ही आधीपासूनची. खालच्या अंगाला साग, तो आमच्या मालकांनी लावलेला. रोज संध्याकाळी बैल सोडले की कळशीनं पाणी घालायचे एकेका रोपाला. मालक गेले, रान राहिलं. शेजारची तशीच दोन एकर माझ्या दिराची. तांड्यावरच्या बाया उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला यायच्या. त्यात शांताबाई म्हणून एक माझ्याच वयाची होती, तोंडानं फटकळ, मनानं सोनं.

सर पहिल्यांदा आले तेव्हा रानवाल्या सात-आठ जणांना त्यांनी शाळेच्या ओट्यावर जमवलं. बायकांत मी एकटी. सरांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून कोळशाचा एक तुकडा काढला अन् सगळ्यांच्या पुढं धरला.

"हे काय?"

"कोळसा," सगळे म्हणाले.

"हाच कार्बन. झाड वाळवलं तर त्याचं अर्ध्याच्या आसपास वजन याचंच भरतं. हे झाडानं मातीतून नाही घेतलं. हवेतून ओढलं. झाड उभं आहे तोवर ते झाडात. जाळलं की परत हवेत."

मग गोधडीचं सांगितलं. म्हणाले, पृथ्वीच्या अंगावर हवेची एक गोधडी आहे, ती पाहिजेच, नाहीतर थंडीनं मरू. पण आपण कोळसा, पेट्रोल, लाकूड जाळून त्या गोधडीला थरावर थर देऊन राहिलोत. म्हणून अंग तापतं. म्हणून पाऊस येतो तो भलत्या वेळी येतो, अन् येतो तो कोसळतोच.

मी म्हटलं, "मग काढून टाकावी की एक-दोन थर."

ते हसले. "काढायला लई वर्षं लागतात ताई. आधी टाके घालणं तर थांबवू."

मला ते पटलं. गोधडी शिवणाऱ्या बाईला पटणारच. पण माझे दीर शेजारी बसले होते, त्यांना गोधडी दिसलीच नाही. त्यांना दिसला तो कोळसा. आमच्याकडं वेड्या बाभळीच्या भट्ट्या लावून कोळसा करणारे अन् तो घ्यायला येणारे पुष्कळ बघितलेले. हा बी तसलाच व्यापारी, फक्त बोलायला गोड आहे, असं त्यांनी धरलं.

आठवड्यानं सर परत आले तर भाऊजी पोतं घेऊन हजर. मोठ्या ऐटीनं त्यांनी ते ओट्यावर आपटलं.

"घ्या सर. आमच्या रानातला कार्बन. धावड्याचा हाय, एक नंबर माल. बाभळीचा भुसा न्हाई."

सरांनी पोत्याचं तोंड उघडून आत बघितलं. मग हळूच विचारलं, "केवढा होता?"

भाऊजींनी दोन्ही हातांची कवळ करून दाखवली. हाताची बोटं एकमेकांना टेकत नव्हती.

सर त्या पोत्याशेजारी खालीच बसले. डोळे भरून आले होते. आजूबाजूचे हसायला लागले, भाऊजी गोंधळले, म्हणाले, "काय झालं? माल पसंत न्हाई का?"

"तुमची चूक नाही," सर म्हणाले. "मी माप दाखवायच्या आधी माल दाखवला. मापाड्यानं असं करू नये."

खिशातला जुना कोळसा त्यांनी फेकून दिला, अन् त्या पोत्यातला एक तुकडा उचलून रुमालात बांधला. तो शेवटपर्यंत त्यांच्या खिशात होता. सदऱ्याचा खिसा कायम काळा. कुणी विचारलं तर सांगायचे, "पहिला दुकानातला होता. हा माझा आहे."

त्यानंतर त्यांनी कोळसा दाखवणं बंद केलं अन् सुतळी काढली. मोजपट्टी होती त्यांच्याकडं, पण आकडे सगळ्यांना कुठं वाचता येतात? म्हणून झाडाला सुतळी गुंडाळायची, जिथं टोक टेकतं तिथं कापायची. ती दोरी म्हणजे त्या झाडाचा घेर. दोरीला चिंधी बांधायची, मोहाला तांबडी, सागाला पांढरी, चिंधीवर झाडाचा नंबर. अन् घरात खुंटीला टांगून ठेवायची. पुढच्या वर्षी नवी दोरी कापायची अन् जुनीच्या शेजारी धरायची. आंधळ्यालासुद्धा बोटांनी कळावं, झाड किती वाढलं.

पहिल्या दिवशी सर सांगत होते, घेर बुडाशी घ्यायचा नाही, छातीएवढ्या उंचीवर घ्यायचा. शांताबाई मोहाखाली उभी होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कुणाच्या छातीएवढ्या, सर? माझ्या का तुमच्या? ह्या बाईची तर पार खाली आलीया."

ही बाई म्हणजे मी. तांड्यावरच्या बाया हसून हसून खाली बसल्या. सर कानापर्यंत तांबडे झाले. छत्रीवर एक पट्टा होता, तो दाखवून म्हणाले, "छत्रीच्या. छत्रीच्या छातीएवढ्या." तेव्हापासून तांड्यावर त्यांचं नाव छत्रीवाले.

पांढऱ्या वरणाचं राहिलंच. ते पहिल्यांदा आमच्याकडं जेवायला बसले तेव्हा ताटातलं वरण बघून थांबले. विचारलं, "ही हळद कशावर शिजवली?"

माझा मुलगा बालाजी समोर होता. तो म्हणाला, "लाकडावर. दुसऱ्या कशावर शिजवतेत?"

खरंच होतं ते. आमच्या जिल्ह्यात फाल्गुन आला की घरोघर हळद शिजते. काढलेली हळद मोठ्या कढईत नाहीतर टाकीत उकडायची, मग उन्हात वाळवायची. दिवस दिवस जाळ लागतो. बांधावरची झाडं त्यातच गेली, एक एक करून. कुणी बघितलंसुद्धा नाही, कारण प्रत्येकानं एकच तर तोडलं होतं.

सरांनी हात जोडले. "मग मला पांढरं चालेल, ताई. राग मानू नका."

मी नाही मानला. बालाजीनं मानला. ते गेल्यावर म्हणाला, "आपल्या घरी येऊन आपल्या हळदीला नावं ठेवतेत. अन् तू त्यांच्यासाठी वेगळं वरण टाक!"

पोरगं वाईट नाही माझं. हळद करतो, कष्टाचा आहे. पण त्याच्या डोक्यात एकच होतं, की ही चार एकर साफ करावी, दगड काढावे, खालून पाणी चढवावं अन् तिथंही हळद लावावी. एक ठेकेदार येऊन बघून गेला होता. परवानगीचं सगळं मी बघतो म्हणाला होता. बालाजीनं मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले, कारण त्यानं हट्ट सोडला नव्हता अन् मला भूक लागली होती.

मग एक दिवस तो मोबाईल घेऊन आला. "माय, हे बघ. झाडाच्या कार्बनचे पैसे भेटतेत म्हणे. मापाडी सरांना विचारतो. आपल्या रानाचे भेटत असतील तर ठेकेदाराला न्हाई म्हणतो. न्हाई भेटत तर दिवाळीनंतर कुऱ्हाड."

झालं. माझ्या रानाचा जीव सरांच्या एका शब्दात आला.

दुसऱ्या दिवशी ते येणार होते. मी सकाळीच फाट्यावर जाऊन बसले. जीप थांबली, छत्री उतरली, सर उतरले. मी त्यांना बाजूला घेतलं अन् सगळं सांगितलं. म्हटलं, "सर, व्हय म्हणा. एवढंच. पैसे भेटतील म्हणा. दोन वर्षांनी म्हणा, चार वर्षांनी म्हणा. तोवर त्याचं डोकं निवंल."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, त्याला कोळसा लागला, परत पुसला.

"ताई, मी लोकांची खोटी वजनं जप्त केलीत. चाळीस-चाळीस ग्रॅमसाठी."

"मग जाऊ द्या रान! तुमचं काय जातंय?"

"माझं?" ते म्हणाले. "तोडायच्या दिवशी मी येईन. शेवटच्या झाडापर्यंत थांबेन. पण खोटं माप नाही देणार. त्याला उद्या कळेल, मग तो झाडावर राग काढेल अन् खऱ्यावरही विश्वास ठेवणार नाही."

मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

बालाजीनं विचारलं तेव्हा मी दाराआड उभी होते. सर सरळ म्हणाले, "नाही मिळणार. जे आधीपासून उभं आहे त्याचे सहसा कुणी देत नाही. नवीन लावलं, जास्तीचं वाढवलं, तर त्याचा विचार होतो. तेही तुझ्यासारख्या चार एकरवाल्याला एकट्यानं झेपत नाही. कागद फार, वर्षं फार."

"मंग हे तोडून नवीन लावतो. नवीनच झालं की."

"रान तोडून लावलेल्याला नवीन धरत नाहीत."

"अन् जगाच्या हवेला? आमच्या चार एकरानं काय फरक पडतो?"

"तिळाएवढा."

बालाजी हसला. "बघा, तुमीच म्हणता."

"मी तिळाचंही माप खोटं सांगत नाही," सर म्हणाले. "रान तुझं आहे, कायद्यानं जमेल ते कर. माझी एक विनंती ऐक. मोजल्याशिवाय तोडू नको. काय तोडतोयस ते तुझं तुला ठाऊक असू दे."

बालाजीनं विचार केला. ठेकेदार मापात फसवणार, आपल्या हातात माप असलेलं बरं, असं त्याच्या मनात आलं असणार. तो म्हणाला, "बराबर हाय. मोजल्याशिवाय न्हाई तोडत. शब्द."

चार दिवस दोघं मोजत होते. मी भाकरी घेऊन जायची. पहिल्या दिवशी बालाजी दोरी ओढायचा अन् घड्याळ बघायचा. दुसऱ्या दिवशी सागात आले. एका सागाला दोरी नीट बसेना, एका अंगानं खोड फुगलेलं. बालाजीनं साल चाचपली तर आत लोखंड लागलं. कडी होती. मालक तिथं बैल बांधायचे, तेव्हा ठोकलेली. झाडानं ती गिळून टाकली होती, नखाएवढी कड तेवढी बाहेर राहिली होती.

"हे माप कसं घ्यायचं, सर?" बालाजीनं विचारलं. आवाज बदलला होता त्याचा.

"कडीसकट घ्यायचं," सर म्हणाले. "झाडानं वेगळी धरली नाही, आपणही धरायला नको."

बालाजीनं दोरी कापली. चिंधी बांधली. मग बराच वेळ त्या कडीवर अंगठा ठेवून उभा राहिला. मी लांबूनच भाकरी ठेवली अन् परत फिरले.

चौथ्या दिवशी मोजणी संपली. खुंट्या कमी पडल्या, मी दोन नव्या ठोकून घेतल्या. बालाजी म्हणाला, "सर, आता सांगा, माझं रान वर्षाला किती ओढतं?"

"एका दोरीनं एवढंच कळतं की आज किती उभं आहे. वर्षाला किती ओढतं हे कळायला पुढच्या वर्षीची दोरी लागते."

बालाजीनं डोकं खाजवलं, अंगणात गेला, ठेकेदाराला फोन लावला. "पुढच्या वर्षी बघू. मोजणी अर्धी हाय."

पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला. दोऱ्या जेमतेम अर्धं बोट पुढं. सर म्हणाले, वाईट वर्षावरून रानाला नापास करणं बरोबर नाही. तिसऱ्या वर्षी इतका कोसळला की सोयाबीन जागच्या जागी कुजलं. सर म्हणाले, हेही वर्ष सरासरीत बसत नाही, अजून एक दोरी घेऊ. मधल्या, कमी पावसानंतरच्या उन्हाळ्यात गावाखालच्या विहिरी आटल्या होत्या अन् रानाच्या पायथ्याची आमची विहीर तेवढी टिकली होती. मी म्हटलं, सर, हे सांगा ना बालाजीला. तर म्हणाले, "विहीर मी मोजली नाही, ताई. ज्यानं तिच्यातून मोटार चालवली त्यालाच बोलू द्या." अन् बालाजी बोलला, पण मला नाही, भाऊजींना. "काका, वरचा पालापाचोळा पाणी धरून ठेवतोय वाटतं."

सर खोटं एकदाही बोलले नाहीत. फक्त खरं सांगायला त्यांनी चार वर्षं लावली.

गेल्या साली मोजणीच्या दिवशी पांढऱ्या वरणाचा भात कालवताना बालाजी म्हणाला, "सर, येत्या फाल्गुनात मी हळद लाकडावर शिजवणार न्हाई. हळदीचा वाळला पाला, तुराट्या, सोयाबीनचा भुसा. मंग खाता का पिवळं?"

सरांचा घास हातात थांबला. "एक काडी लाकूड नाही?"

"एक काडी न्हाई. पण पाला जाळला तरी धूर होतोच की."

"होतो. पण पाल्यातलं गेलेलं पुढच्या वर्षीच्या पाल्यात परत येतं. मोहातलं गेलेलं परत यायला तुझा नातू म्हातारा व्हावा लागतो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, पुढच्या मोजणीला पिवळं वरण. दोन वाट्या."

बालाजीनं केलं तसं. सगळा हिवाळा भुसा अन् तुराट्या साठवल्या. पाल्याचा जाळ लवकर विझतो, सारखं घालत बसावं लागतं. शेजारचे येऊन हसायचे, "बालाजी, हळद शिजवून राहिला का बिड्या ओढून राहिला?" तीन दिवसांचं काम पाच दिवसांवर गेलं. त्याचे डोळे सुजले धुरानं. पण एक काडी नाही.

श्रावणात सर गेले. हिंगोलीला, लेकीच्या घरी, सकाळी पेपर वाचताना. आम्ही भेटायला गेलो तेव्हा लेकीनं तो रुमाल माझ्या हातात ठेवला. "बाबा म्हणायचे, हा तुमच्या गावाचा आहे."

मी तो देवाजवळ ठेवला अन् भीत भीत दिवस काढले. मोजल्याशिवाय तोडणार नाही, हा शब्द सरांना दिलेला. आता मोजणाराच राहिला नाही. सोयाबीन निघालं. ठेकेदाराचा फोन आलेला मी ऐकला. बालाजी अंगणात जाऊन बोलला, काय बोलला ते कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

परवा सकाळी तो म्हणाला, "माय, सुतळीचं भिंडोळं कुठंय? अन् तो रुमाल दे."

मी मागं मागं गेले. त्यानं बाभळीची काठी आणली होती, तिच्यावर छत्रीसारखे पट्टे मारलेले. आधी तो भाऊजींच्या बांधावर, त्यांनी कोळशासाठी तोडलेल्या धावड्याच्या बुंध्याशी गेला. बुंध्याला फुटवे आलेत, माझ्या मनगटाएवढे. त्यानं बुडाशी हातभर खड्डा केला अन् कोळसा आत ठेवला. सरांनीच सांगितलं होतं, कोळसा मातीत पुरला तर शेकडो वर्षं मातीतच राहतो, हवेत जात नाही. मग त्यातल्या एका फुटव्याला दोरी घातली, कापली, चिंधी बांधली.

"ठेकेदाराला काय सांगितलं?" मी विचारलंच शेवटी.

"मोजणी चालू हाय म्हणलं."

"कवर चालणार रे?"

तो दुसऱ्या झाडाकडं चालायला लागला होता. "झाडं वाढायची थांबली का, माय?"

मी घरी आले. सवयीनं डाळ शिजायला टाकली, मीठ, जिरं काढून ठेवलं. दुपारी बालाजी आला, दोऱ्या खुंटीला लावल्या, हातपाय धुतले अन् चुलीकडं डोकावला.

"माय, आज हळद घाल वरणात," तो म्हणाला. "औंदाची हाय. सरांना चालती."